एमआरआय बघण्याआधी मला तपासणाऱ्या डॉक्टरांना

आदरणीय डॉक्टर,

सप्रेम नमस्कार.

तुमच्याकडे रोज इतके पेशंट येतात की मी तुम्हाला आठवणारही नाही. डाव्या पायाच्या सायटिकाने एका बाजूला झुकलेली, हातात एमआरआयचा मोठा लिफाफा घेतलेली बाई, एवढी ओळख पुरे. आभार प्रत्यक्ष भेटूनही मानता आले असते. तरी चारचौघांत लिहिते आहे, कारण तुम्ही मला जे समजावून सांगितलंत ते माझ्यासारख्या घाबरलेल्या आणखी कुणाच्या तरी कानावर पडायला हवं.

तुमच्याआधी एका ठिकाणी दाखवलं होतं. तिथे नुसता रिपोर्ट वाचला गेला. मणक्यांमधल्या तीन गाद्या सरकल्यात, नस दबलीय, ताबडतोब ऑपरेशन करा, नाहीतर पाय जाईल. मला टेबलावर झोपवून पायाला हातसुद्धा लावला नव्हता. घरी येऊन मी अंथरूणच धरलं. दुखणं होतंच, पण पाय जाणार या धास्तीने जी झोप उडाली ती दुखण्यापेक्षा वाईट होती.

तुम्ही लिफाफा घेतलात आणि न उघडता बाजूला ठेवलात. "आधी तुम्ही सांगा, फिल्म नंतर बघू." कळ कुठून निघते, गुडघ्याच्या वरच थांबते की खाली पावलापर्यंत जाते, खोकला-शिंक आली की वाढते का, बसल्यावर जास्त की उभं राहिल्यावर, रात्री झोपेतून उठवते का. मग ताप, वजन घटणं, पूर्वी कॅन्सर, पडझड, स्टिरॉइडच्या गोळ्या. लघवी नीट सुटते का, हेही विचारलंत. कंबरेच्या दुखण्यात लघवीची चौकशी कशाला, असं तेव्हा वाटलं होतं.

मग चालायला लावलंत. टाचांवर चालणं जमलं. चवड्यांवर मात्र डावी टाच पुरती उचलतच नव्हती. पायाचे अंगठे वर ओढायला सांगून ते बोटाने दाबून बघितलेत, दोन्ही पक्के होते. टाचेमागच्या शिरेवर हातोडी मारलीत तेव्हा उजवं पाऊल झटकन हललं आणि डावं जवळजवळ हललंच नाही. कापसाचा बोळा पावलाच्या बाहेरच्या कडेने करंगळीपर्यंत फिरवलात, तिथे मला तो नीट कळत नव्हता. गुडघा सरळ ठेवून पाय उचललात आणि अर्ध्या वाटेतच पोटरीतून वीज गेली. एवढं झाल्यावर तुम्ही म्हणालात, "कंबरेचा शेवटचा मणका आणि त्याखालचं त्रिकोणी हाड, म्हणजे त्रिकास्थी, यांच्यामधली गादी. डावीकडे. आता फिल्म लावू." फिल्मवर ती नेमकी तिथेच होती. त्या क्षणी माझी निम्मी भीती गेली, कारण मला काय झालंय हे कुणाला तरी खरोखर कळलं होतं.

आणि बाकीच्या दोन गाद्या? त्यांचा माझ्या पायाशी काही संबंध नाही, हे तुम्ही नुसतं सांगितलं नाहीत, पटवून दिलंत. १९९४ साली छापून आलेल्या एका अभ्यासात कंबर अजिबात न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एमआरआय काढले होते. त्यांतल्या ५२ टक्के लोकांची निदान एक गादी फुगलेली निघाली. म्हणजे रिपोर्टमधली प्रत्येक ओळ हा आजार नव्हे. तक्रार, तपासणी आणि फिल्म या तिन्हींचं बोट एकाच जागेकडे गेलं तरच त्या ओळीला अर्थ. हे वाक्य मी तेव्हापासून कितीतरी जणांना ऐकवलं आहे. रिपोर्ट हातात पडल्यावर तो एकट्याने वाचत बसण्याचा छळ मी भोगला आहे, म्हणून.

तुम्ही स्वतः मणक्याचे सर्जन. तरी मला ऑपरेशनची घाई नाही म्हणालात, आणि कारणासकट म्हणालात. बाहेर आलेला गादीचा गर शरीर हळूहळू स्वतःच जिरवतं, आणि पुष्कळदा मोठा तुकडा लहान फुगवट्यापेक्षा चांगला जिरतो. मला तर मोठा म्हणजे वाईटच वाटत होता. बहुतेकांचा पाय ६ ते १२ आठवड्यांत बराच हलका होतो. ऑपरेशनने कळ लवकर थांबते हेही लपवलं नाहीत, पण वर्षभराने पाहिलं तर दोन्ही वाटांनी गेलेले बहुतेक पेशंट जवळपास सारखेच असतात, असं सांगून निर्णय माझ्यावर सोपवलात. पायातली ताकद आणखी कमी व्हायला लागली किंवा कळ हटेचना, तर मात्र लगेच परत या, मग आपण ऑपरेशनचं बोलू, हीही अट घातलीत. पेनकिलर लिहिण्याआधी बीपी, किडनी आणि ॲसिडिटीचं विचारलंत. अंथरुणातून उठायला लावलंत. सोसेल तेवढं चाला, दुखलं म्हणजे लगेच काही तुटत नाही, हे तुमचे शब्द मी रोज पहिल्या पावलाला मनात म्हणायचे. तुम्ही ज्यांच्याकडे पाठवलंत त्या फिजिओथेरपिस्ट ताईंचेही आभार. त्यांनी मला पुन्हा वाकायला शिकवलं.

आता त्या लघवीच्या प्रश्नाबद्दल. निघताना तुम्ही एका कागदावर स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं: लघवी अडली किंवा नकळत झाली, शौचावरचा ताबा गेला, जांघांच्या आतली बाजू आणि शौचाच्या जागेभोवतीचा भाग बधिर झाला, दोन्ही पाय लुळे पडू लागले, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, त्याच तासाला इमर्जन्सीत जायचं. मज्जारज्जू कंबरेच्या वरच्या मणक्यांशीच संपतो, त्याखाली नसांचा जुडगा असतो, आणि गादी त्या सगळ्या जुडग्यावरच बसली तर औषधाने भागत नाही, हे चित्र काढून दाखवलंत. मला त्या कागदाची गरज पडली नाही. माझ्या मावसबहिणीला पडली. कंबर धरलीय म्हणून ती फोनवर सांगत होती आणि बोलता बोलता म्हणाली, सकाळपासून लघवीलाच होत नाहीये, खालचं सगळं सुन्न वाटतंय. मी कागदावरचं वाचून दाखवलं आणि तिला लगेच इमर्जन्सीत जायला लावलं. त्याच रात्री तिचं ऑपरेशन झालं. आज ती स्वतःच्या पायांनी फिरते, लघवीवरचा ताबाही परत आला आहे. तिला तुम्ही कधी पाहिलेलं नाही, पण तिच्या घरचे सगळे तुमचं नाव घेतात.

माझा पाय आता दुखत नाही. चवड्यांवर उभी राहून वरच्या फळीवरचा डबा काढते. टाचेमागच्या शिरेचा झटका अजून उजव्याइतका येत नाही. तो कदाचित पूर्ण येणारही नाही आणि चालण्यात त्याने काही अडत नाही, हेही तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून त्याची चिंता करत नाही. तुमच्या कागदाच्या प्रती काढून मी नात्यागोत्यात वाटल्या आहेत. तुमची परवानगी न विचारता वाटल्या, पण तुम्ही नाही म्हणणार नाही याची खात्री आहे.

मला वेळ दिलात, माझं ऐकून घेतलंत, मला हात लावून तपासलंत. मनापासून आभार.

तुमची,
एक पेशंट