बायोप्सीचा तिसरा तुकडा

संपादक महोदय,

किडनीची बायोप्सी म्हणजे सुईने काढलेला शेवईएवढा बारीक धागा. त्याचे तीन वाटे व्हायला हवेत: एक फॉर्मॅलिनमध्ये साध्या सूक्ष्मदर्शकासाठी, दुसरा मिशेल द्रावणात इम्युनोफ्लुरोसन्ससाठी (चमकणाऱ्या रंगाने ऊतीत साचलेली प्रतिपिंडे शोधण्याची तपासणी) आणि तिसरा ग्लुटाराल्डिहाइडमध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी. तिसरा वाटा त्याच क्षणी ठेवला नाही, तर पुढे कितीही महागडे यंत्र असले तरी ती उणीव पुरती भरून निघत नाही.

साध्या सूक्ष्मदर्शकाची मजल सुमारे २०० नॅनोमीटरपर्यंत. किडनीच्या गाळणीला बाहेरून वेढणाऱ्या पोडोसाइट पेशींच्या पायांसारख्या फाट्यांमधली फट मात्र जेमतेम ४० नॅनोमीटरची. ‘मिनिमल चेंज’ आजारात मुलाच्या लघवीतून प्रथिने वाहत असतात आणि साधी स्लाइड जवळपास निर्दोष दिसते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मात्र तेच पाय सपाट होऊन सलग पट्टा झालेले दिसतात. फॅब्री या आनुवंशिक आजारात पेशीच्या आत पट्ट्यापट्ट्यांचे ‘झेब्रा बॉडीज’ सापडतात. ते मेदाचे असतात, म्हणून साध्या स्लाइडसाठी तुकडा पॅराफिन मेणात बसवण्याच्या प्रक्रियेत बरेचसे विरघळून जातात आणि मागे नुसत्या पोकळ्या उरतात.

तुकडा करायचा कसा? धागा मेणाच्या पाटीवर सलाइनच्या थेंबात ठेवावा आणि भिंगातून पाहावा. कॉर्टेक्समधले (किडनीच्या बाहेरच्या थरातले) ग्लोमेरुलस, म्हणजे रक्त गाळणारे केशवाहिन्यांचे गुच्छ, लालसर ठिपक्यांसारखे दिसतात; ते नसलेला तुकडा या कामी जवळपास निरुपयोगी. कोऱ्या पात्याने १ मिलिमीटरचे तुकडे करून लगेच थंड, बफर केलेल्या (आम्लता स्थिर ठेवलेल्या) २.५ टक्के ग्लुटाराल्डिहाइडच्या द्रावणात टाकावेत. हे द्रावण फार सावकाश मुरते. तुकडा मोठा राहिला, तर ते आत पोचेपर्यंत पेशीतले ऊर्जा तयार करणारे मायटोकाँड्रिया फुगतात. चिमट्याने दाबू नये, कोरड्या गॉझवर ठेवू नये, गोठवू तर मुळीच नये. बर्फाचे स्फटिक पेशी फाडतात. ग्लुटाराल्डिहाइड लागलेले पाते इम्युनोफ्लुरोसन्सच्या तुकड्याला लावू नये, नाहीतर तो आपोआप चमकू लागतो आणि अहवाल फसतो.

पॅराफिनमधला तुकडा परत काढून तपासता येतो. सपाट झालेले पाय त्यातही ओळखू येतात, पण तळपटल (गाळणीतला पातळ पडदा, बेसमेंट मेम्ब्रेन) मुळात आहे त्यापेक्षा पातळ दिसते. त्यामुळे ‘थिन बेसमेंट मेम्ब्रेन’चे, म्हणजे हा पडदाच पातळ असण्याच्या आजाराचे, निदान त्यावर बेतणे धोक्याचे.

प्रत्येक रुग्णाला ही तपासणी लागेलच असे नाही. तुकडा रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या प्लास्टिकसारख्या पदार्थात) बसवून ठेवला की तो वर्षानुवर्षे टिकतो, गरज पडेल तेव्हा कापता येतो. म्हणून आमची मागणी साधी आहे: बायोप्सीच्या प्रत्येक खोलीत फ्रिजमध्ये ग्लुटाराल्डिहाइडची कुपी असावी, तिच्यावर भरल्याची तारीख लिहिलेली असावी आणि पिवळे पडलेले द्रावण फेकून नवे भरावे.

— किडनी बायोप्सी प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ