सालवनातला भुंगेरा

प्रिय मित्रा,

सालवृक्षांच्या बुंध्याशी भुशाचे ढीग दिसतात, फवारणी करू का, असं विचारलंस. फवारणी सोडून दे. तो भुसा लाकूड पोखरणाऱ्या खोडकिड्याच्या अळीचा; ती एकदा लाकडात शिरली की औषध तिच्यापर्यंत पोचतच नाही. हा किडा वर्षाला एकच पिढी काढतो, तेव्हा त्याच्या वेळापत्रकानेच चालावं लागतं.

पहिला जोराचा पाऊस झाला की भुंगेरे, म्हणजे त्याच अळ्यांचे पूर्ण वाढलेले किडे, झाडातून बाहेर पडतात. त्यांना सालवृक्षाच्या ताज्या रसाची ओढ भारी, आणि सापळा त्यावरच बेतलेला. लागण झालेलंच एखादं झाड तोड, दोन-तीन मीटरचे ओंडके कर, टोकांची साल कुऱ्हाडीच्या तुंब्याने, म्हणजे मागच्या बोथट बाजूने, ठेचून सैल कर. रस पाझरला की लांबून भुंगेरे येतात, पितात नि सुस्तावून सालीखाली दडतात. दिवसा वेचून मारायचे. रोज, न चुकता. तीन-चार दिवसांनी रस आटतो. मग टोक थोडं कापून पुन्हा ठेचायचं. आठ-दहा दिवसांत ओंडका निकामी होतो, आणि खरी चूक इथेच होते. तो तसाच पडू दिला तर माद्या त्यातच अंडी घालतात. सापळा कसला, पाळणाघरच! म्हणून काम संपताच साल सोलून जाळायची.

याच कारणाने पावसाळ्यात इतर तोड बंद ठेव. ताजा बुंधा म्हणजे आयतं आमंत्रण.

लागलेली झाडं हिवाळ्यात हेर आणि पावसाआधी काढ, तोवर किडा आतच असतो. पण सरसकट कुऱ्हाड चालवू नकोस. शेंडा वाळलेला, बुंध्याशी भुशाचा मोठा ढीग, तर ते झाड गेलंच. नुसती राळ गळतेय, भुसा जेमतेम, पानं हिरवी, तर झाड लढतंय. राळेत कोवळ्या अळ्या बुडून मरतात. असं झाड राहू दे. १९९७-९८ च्या साथीत मध्य प्रदेशात लाखो सालवृक्षांना लागण झाली, तेव्हा किती तोडायची यावर प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं.

तोडलेला माल पहिल्या पावसाआधी जंगलाबाहेर गेलाच पाहिजे. वाहतूक परवान्याचा अर्ज आधीच टाक, तो अडकला की सगळंच अडकतं.

प्रत्येक झाडाचे दोन फोटो पाठव, एक बुंध्याचा आणि एक शेंड्याचा. मग कोणतं ठेवायचं ते सांगतो.

तुझा मित्र