‘डी’वाल्या पोराचं पत्र, आर्वीच्या आधार केंद्रातल्या ताईंना

ताई, नमस्कार.

मी गजानन. नुसत्या नावानं आठवणार नाही, दिवसभर तुमच्यापुढं माणसांची रीघ असते. पण ‘डी’वाला पोरगा म्हटलं की आठवेल.

माझा जन्म प्रकटदिनाच्या दोन दिवस आधीचा, म्हणून आईनं शेगावच्या महाराजांचं नाव ठेवलं. शाळेच्या दाखल्यावर गजानन, पॅन कार्डावर गजानन. आधारवर मात्र इंग्रजीत शेवटी एक ‘डी’ चिकटलेला. गजानंद! गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात कॅम्प लागला होता, तेव्हाचं ते पाप. इतकी वर्षं त्या ‘डी’नं काही बिघडवलं नाही. यंदा कापसानं हातात काही ठेवलं नाही म्हणून पार्सल वाटायचं काम धरायला गेलो, तर ॲप म्हणे पॅन आणि आधारवरचं नाव जुळत नाही. तीनदा फोटो काढून पाठवले, तीनदा तेच. मावसभावाची मागून आणलेली गाडी अंगणात उभी. घटनेच्या ४१व्या कलमात कामाच्या हक्काचं लिहिलंय, हे बारावीला पाठ केलं होतं. तो हक्क एका अक्षरापाशी अडतो, हे काही त्या धड्यात नव्हतं.

मग एका टिनाच्या दुकानात ५०० रुपये मोजले. त्या बाबानं मान वर केली नाही. टाइप केलं, ‘झालं, जा’ म्हणाला. पाहतो तर चांगलं असलेलं आडनाव बिघडवलेलं आणि ‘डी’ जागच्या जागी. दुसऱ्या ठिकाणी ‘लिंक नाही, उद्या ये’. उद्या ये म्हणणाऱ्याला काय, आमच्या गावाहून यष्टी दिवसातून दोनदाच.

तुम्ही कागद पाहिले आणि हळूच म्हणाल्या, ‘‘भाऊ, आधारवर नाव दोनदाच बदलता येते. एकडाव तर गेलं तुमचं.’’ पोटात गोळाच आला माझ्या. तुमच्याकडची गिऱ्हाईकाला दाखवायची दुसरी स्क्रीन बंद होती. तुम्ही जेवणाचा डबा खाली ठेवला, वायर ताणली आणि स्वतःचीच स्क्रीन माझ्याकडं वळवली. पेन उलटं धरून एकेका अक्षराखाली टेकवत गेलात. ‘‘वाचा बरं मोठ्यानं.’’ मी पहिलीतल्या पोरासारखा वाचत गेलो. शेवटच्या ‘एन’पाशी पेन थांबलं. ‘‘याच्यापुढं काही आहे का?’’ मी म्हटलं, नाही. ‘‘पक्कं?’’ तर मागं रांगेतली म्हातारीच बोलली, ‘‘नाही बाप्पा, काहीच नाही त्याच्यापुढं! दाब आता!’’ सगळे हसले. मलाही हसू आलं, पण डोळे भरून आले होते, ते तुम्हाला दिसलं असेल तर माफ करा.

माणसाला स्क्रीन दाखवूनच भरायचं, असा नियमच आहे, असं तुम्ही सहज बोलून गेलात. मग कॅम्पवाल्याला तो ठाऊक नव्हता का? त्या टिनवाल्याला? जाऊ द्या. ७५ रुपयांची पावती फाडलीत, शंभराच्या नोटेतले २५ परत दिलेत. ‘राहू द्या ताई’ म्हटलं तर असं पाहिलंत की मी नोटा गपचूप खिशात घातल्या. सरकारी काम अन् सहा महिने थांब, हे आमच्या घरी येता-जाता म्हणतात. आता बाबा तसं म्हणाले, तर मी लगेच तुमचं उदाहरण सांगतो. चांगली माणसं ठायीठायी असतात ताई, खुर्चीच्या पलीकडं बसलेली फार कमी भेटतात, एवढंच.

ॲपवर हिरवी खूण आली. पहिलं पार्सल तळेगाव रस्त्यावरच्या एका घरचं, कुकरचं. ओटीपी सांगता सांगता काकूंनी विचारलं, ‘‘नाव काय रे बाबू तुझं?’’

मी स्पेलिंगसकट सांगितलं.

तुमचा,
गजानन