उथळ डाइव्हची आखणी

चि. रेवास,
अनेक आशीर्वाद.

कॅरिबियन समुद्रातल्या बोनेअर बेटावर पाठीवर हवेची टाकी घेऊन डाइव्ह करणार, किनाऱ्यावरूनच पाण्यात उतरणार, दहा मीटरच्या खाली जाणार नाही, म्हणजे सोपंच आहे, असं तू लिहिलंस. खोली कमी आहे, हे खरं. पण अशा डाइव्हमध्ये गडबड होते ती दोन जागी: शिरता-निघताना गुडघाभर पाण्यात, आणि वर येतानाच्या शेवटच्या पाच मीटरांत. त्या दोन जागांची तयारी कोरड्या जमिनीवरच कर, मग मधला पाऊण तास खरोखर निवांत जाईल.

बेट निवडलंस ते उत्तम. वारा बहुतेक पूर्वेकडून येतो, त्यामुळे पश्चिम किनारा आडोशाला राहतो आणि प्रवाळाची कड, म्हणजे जिथून तळ खोल उतरत जातो ती जागा, तिथे किनाऱ्यापासून अगदी जवळ आहे. रस्त्याकडेचे पिवळे रंगवलेले दगड म्हणजे उतरायच्या जागा. वारा फिरून पश्चिमेकडून येऊ लागला, तर त्या दिवशी उतरायचं नाही. १९७९ पासून हा सगळा किनारा सागरी उद्यान आहे. म्हणून आधी शुल्क भरायचं, पहिली डाइव्ह नुसती पाण्याची आणि सामानाची ओळख करून घ्यायला करायची, आणि हातमोजे घरीच ठेवायचे, तिथे बंदी आहे. 'थाउजंड स्टेप्स' (हजार पायऱ्या) ही उतरायची जागा पहिल्या दिवशी नको. पायऱ्या सत्तरच्या आसपासच आहेत, पण डाइव्हनंतर लगेच टाकी पाठीवर घेऊन चढणं शरीराला बरं नव्हे.

जागेवर पोचल्यावर दहा मिनिटं नुसतं पाणी बघ. लाटा टोळीनं येतात, मध्ये उसंत असते. ती उसंत ओळख. रेग्युलेटरमधून, म्हणजे टाकीतली हवा तोंडाशी देणाऱ्या नळीतून, चार श्वास घेताना गेजचा, म्हणजे टाकीतला दाब दाखवणाऱ्या तबकडीचा, काटा बघ. श्वासागणिक तो खाली-वर झाला तर टाकीची चावी पुरती उघडलेली नाही. किनारा खडबडीत आणि प्रवाळाच्या तुकड्यांचा, त्यामुळे जाड तळव्याचे बूट हवेत. फिन्स (पायात घालायचे पोहण्याचे पंख) हातात, मास्क डोळ्यांवर, रेग्युलेटर तोंडात, बीसीडीत (हवा भरून तरंगायच्या जाकिटात) थोडी हवा. पाय उचलून टाकू नकोस, सरकवत जा. कमरेएवढ्या पाण्यात बडीचा, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदाराचा, खांदा धरून फिन्स चढव. गुडघाभर पाण्यात फिन्स घालून चालणारेच पडतात.

आता हवेचं गणित. ११ लिटरच्या टाकीत २०० बारला (बार हे दाबाचं माप) सुमारे २,२०० लिटर हवा असते. पाण्याच्या पृष्ठभागावर श्वासाला मिनिटाला १८ लिटर लागते असं धरलं, तर ९ मीटरवर दाब १.९ पट, म्हणजे ३४ लिटर, म्हणजे गेजवर मिनिटाला ३ बार. ५० बार राखीव ठेवलेस की ५० मिनिटं मिळतात. १३० बारला मागे फिर. बडीचा काटा आधी तिथे पोचला, तर त्याच्या काट्यावर फिरायचं. बोयाच्या (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या) दोरीजवळ क्षणभर स्थिर राहून ओढ कुठली आहे ते बघ आणि जाताना ओढीच्या विरुद्ध जा, म्हणजे दमल्यावर पाणीच तुला घरी आणेल. कडेला पोचलीस की मागे वळून खुणेचा दगड आणि खोली लक्षात ठेव.

बुडायला कमरेला बांधतो त्या वजनाची चूक शेवटी कळते. भरलेल्या टाकीतली हवाच अडीच किलोच्या वर भरते. ५० बारपर्यंत त्यातली दोन किलो संपते आणि अॅल्युमिनियमची टाकी तरंगू लागते. सूटही वर येता येता फुगतो. म्हणून पहिल्या डाइव्हच्या शेवटी, ५० बार असताना, बीसीडी रिकामी करून नेहमीचा श्वास धर. पाणी डोळ्यांपर्यंत यायला हवं. ही तपासणी पाण्यावरच. खाली असताना श्वास कधीच धरायचा नाही. सव्वा मीटर वर येतानाही छातीत कोंडलेली हवा फुप्फुसाला इजा करू शकते.

कडेवर घाई करू नकोस. पोवळ्यावर रंगीत पिसाऱ्यासारखे किडे दिसतील. तुझी सावली पडली की ते चटकन नळीत शिरतील. हात अंगाशी घेऊन, हळू श्वास सोडत जागीच थांब. थोड्या वेळानं पिसारा एकेक केस करत उघडतो. तेवढं स्थिर राहता आलं, तर वजन बरोबर जमलं समज. पोपटमाशांचा पोवळी कुरतडण्याचा करकर आवाजही ऐकू येईल.

परतताना ५ मीटरवर तीन मिनिटं थांब, खुणेचा दगड गाठ, मग उसंत बघून बाहेर ये. लाटेत उभं राहायची ओढाताण नको. गरज पडली तर हातापायांवर रांगत ये. किनाऱ्यावर उभ्या केलेल्या गाडीत पैसे, फोन, काही ठेवू नका. अनेक दिवस डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जाऊ देत, २४ झाले तर उत्तम.

कुठून उतरणार आणि किती वाजता बाहेर येणार, हे मुक्कामाच्या जागी सांगून ठेव आणि मलाही कळव. तिथे सकाळचे नऊ म्हणजे इथे संध्याकाळचे साडेसहा, मी जागीच असते.

तुझी,
आई