पिग्मीवाल्या ताईकडून भूगर्भवाल्या सरांना

सर, नमस्कार.

तुम्ही हे वाचणार नाही ते मला माहितीये. तुमच्याकडं तो बटणांचा फोन, आणि नागपूरला मुलीकडं गेल्यापासून तोही बंदच लागतोय. पण तुम्ही निघालात त्या दिवशी मी नुसतं "येते सर" म्हणून जिना उतरले, आभार मानायचे राहूनच गेले, तेव्हापासून ते डोक्यात घोळतंय म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितेय, कऱ्हाडातलं कुणीतरी वाचेल आणि तुमच्या कानावर घालेल.

बाकीच्यांसाठी सांगते, मी पतसंस्थेची पिग्मी गोळा करते. सरांचे रोजचे पन्नास रुपये, कधी खाडा नाही. रिटायर प्राध्यापक, भूगर्भशास्त्राचे. (चार वर्षं मला वाटत होतं की हे भूगोल शिकवायचे, आणि सरांनी एकदाही चूक दुरुस्त केली नाही, हसायचे नुसते.)

तर पोरगी आठवीत, शाळेत विज्ञान प्रदर्शन. तिला कुठूनतरी कळलं की शुक्रावर एका विवराला आपल्या डॉक्टर आनंदीबाई जोशींचं नाव दिलंय. मला आधी खरंच वाटेना, पण खरंय ते, जोशी नावाचं विवर आहे, ३४ किमी रुंद, म्हणजे साधारण इथून उंब्रजला जाऊन परत यायचं तेवढं. आणि मेधावी नावाचं दुसरं एक आहे ते पंडिता रमाबाईंचं. शुक्रावर जवळजवळ सगळ्याच जागांना बायकांची नावं द्यायची पद्धत आहे, मॅक्सवेल नावाची डोंगररांग तेवढी पुरुषाच्या नावाची राहिलीय. पोरीनं लगेच नेटवरून शुक्राचा तो नारिंगी भडक गोळा प्रिंट काढला, खाली मोठ्या अक्षरात "शुक्राचा फोटो" लिहिलं आणि माझ्याबरोबर पिग्मीच्या फेरीला आली तुम्हाला दाखवायला.

तुम्ही चष्मा वर केलात आणि एवढंच विचारलंत, "फोटो कुणी काढला? ढग कुणी बाजूला केले?"

सर, तिथून जे सुरू झालं त्याचे आभार मानायचेत मला. दुसरं कुणी असतं तर उत्तर सांगून मोकळं झालं असतं. तुम्ही जिन्यातला लाइट घालवलात, फरशीवर तांब्याभर पाणी ओतलंत, शेजारी काथ्याचं पायपुसणं टाकलंत आणि बॅटरी तिरकी धरलीत. ओली फरशी काळी कुट्ट, पायपुसणं उजळ. मग म्हणालात, पावसात रात्री गाडीवर असताना डांबरी रस्ता दिसत नाही ना ताई, तेच हे, गुळगुळीत जागेवरनं उजेड पुढं निसटून जातो आणि खडबडीत जागेवरनं थोडा आपल्याकडं परत येतो. नासाच्या मॅगेलन यानानं हेच केलं, फक्त उजेडाच्या जागी रडार, कारण शुक्राभोवती गंधकाम्लाच्या ढगांची गोधडी आहे आणि उजेडानं खालची जमीन दिसत नाही, रडारच्या लाटा मात्र त्यातनं आरपार जातात. १९९० ला ते तिथं पोचलं आणि चार वर्षांत ९८ टक्के जमिनीचा नकाशा करून ऑक्टोबर १९९४ मध्ये तिथल्याच हवेत उतरून संपलं. म्हणजे त्या चित्रात जे उजळ दिसतंय ते पांढरं नाही, खडबडीत आहे, आणि नारिंगी रंग तर नंतर चढवलेला. पोरीनं "फोटो" खोडून "रडारनं चाचपडून केलेलं चित्र" असं लिहिलं. मला तो चाचपडून शब्द फार आवडला.

मग तीन संध्याकाळी ती तुमच्याकडंच. मी बाकीची फेरी उरकून येईपर्यंत तुमच्या गप्पा कुठच्या कुठं गेलेल्या असायच्या. एकदा आले तर कुकरवर चर्चा. घरच्या कुकरमध्ये बाहेरच्या साधारण दुप्पट दाब असतो, शुक्राच्या जमिनीवर आपल्या ९२ पट, आणि वर ४६५ अंशांची भट्टी, शिसं वितळेल अशी. हवा जवळजवळ सगळी कार्बन डायऑक्साइड. आणि अशा ठिकाणी रशियानं, म्हणजे तेव्हाच्या सोव्हिएत युनियननं, यानं उतरवली! आधीच थंडगार करून पाठवायची म्हणे, तरी बिचारी तासा-दोन तासांत गार व्हायची, म्हणजे गरम व्हायची, तुम्हाला कळलं असेल. व्हेनेरा १३ नं १९८२ मध्ये १२७ मिनिटं काढली. चारच दिवसांनी उतरलेल्या व्हेनेरा १४ चा किस्सा तुम्ही सांगितलात तेव्हा पोरगी पोट धरून हसली होती, कॅमेऱ्याचं झाकण उडून नेमकं तिथंच पडलं जिथं जमिनीचा घट्टपणा मोजणारा दांडा टेकणार होता, एवढ्या लांब जाऊन मोजलं काय तर आपलंच झाकण.

पण त्याच यानानं खडकाचा चुरा आत ओढून तपासला आणि तो निघाला बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा खडक. इथं तुम्ही थांबलात आणि म्हणालात, "रविवारी आगाशिवला जाऊ."

आगाशिवच्या लेण्यांना आम्ही शंभर वेळा गेलोय, डबा खाल्लाय, सेल्फी काढलेत. भिंतीला नाक लावून खडक बघितला तो पहिल्यांदाच. तुम्ही खिशातलं ते छोटं घडीचं भिंग पोरीच्या हातात दिलंत, डोळ्याला चिकटवून धर आणि दगडाच्या जवळ जा म्हणालात, आणि ती काय हलेना. काळ्या कातळात बारीक बारीक पोकळ्या, लाव्हा थंड होताना अडकलेल्या वायूच्या, काहींत पांढरे खडे. तुम्ही म्हणालात की व्हेनेरा १४ ला मिळालेला बेसाल्ट रासायनिक दृष्ट्या याच्या भावकीतलाच आहे. मी तिथं उभी राहून विचार करत होते की जन्मभर ज्या कातळावर धुणं आपटलं त्याचा भाऊबंद शुक्रावर.

येताना तुम्ही घाटातली गोष्ट सांगितलीत, रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथं दोन काळ्या थरांच्या मधे विटकरी पट्टा दिसतो, तो म्हणजे एक लाव्हा वाहून गेल्यावर दुसरा यायच्या आत मधल्या काळात पाऊस-पाण्यानं झालेली माती. शुक्रावर द्रवरूप पाणीच नाही तर तशी माती कुठली होणार. पाणी पूर्वी असावं, कारण तिथल्या हवेत जड हायड्रोजनचं प्रमाण आपल्या शंभरपटीहून जास्त आहे, पाण्यातला हलका हायड्रोजन उडून गेला आणि जड मागं राहिला. लाल माती बघून शुक्राचं पाणी आठवणारा माणूस मी तरी दुसरा बघितला नाही.

पोरीला सगळ्यात आवडलं ते जपानचं अकात्सुकी. डिसेंबर २०१० मध्ये शुक्राशी पोचलं, ऐनवेळी मोठं इंजिन बिघडलं आणि यान पुढं निघून गेलं. जपान्यांनी सोडलं नाही, पाच वर्षं ते सूर्याभोवती फिरत ठेवलं आणि ७ डिसेंबर २०१५ ला, यान नुसतं वळवण्यासाठी असतात त्या छोट्या थ्रस्टरांवर, त्याला शुक्राच्या कक्षेत घातलं. आणि पोचल्या पोचल्या काय दिसलं, तर ताशी साडेतीनशे किमीच्या आसपास वारं पळतंय आणि त्यात ढगांतली १०,००० किमी लांबीची एक कमान जागची हलत नाही. खाली डोंगराळ भाग आहे, त्याच्यावरनं वर उठलेली लाट ती. नदीत बुडलेल्या धोंड्यावरती पाणी एकाच जागी फुगलेलं दिसतं तसं, हे तुम्ही कोयनेच्या पुलावर उभं करून दाखवलंत. म्हणजे खालचा दगड आणि वरची हवा वेगळे विषय नाहीतच.

प्रदर्शनात एकानं तिला विचारलं की शुक्राची जमीन एवढी कोरी कशी, सगळीकडं मिळून हजारभरही विवरं नाहीत. आकाशातनं पडणारे लहान दगड दाट हवेतच फुटतात, लोणारएवढं विवर तिथं जवळजवळ होतच नाही, हे तिनं सांगितलं. मोठीसुद्धा कमी का, तर जुनी लाव्ह्याखाली गेली. मग ते एकदम झालं का हळूहळू? ती म्हणाली, "हे अजून नक्की माहीत नाही, शास्त्रज्ञांत वाद आहे." त्या गृहस्थांनी तोंड वाकडं केलं, म्हणे तयारी कमी आहे. पोरगी रडली नाही. घरी येऊन म्हणाली, आजोबांनी पण मला माहीत नाही असंच सांगितलं होतं, आणि ते तर प्राध्यापक होते.

तुम्ही गेल्यावर तिनं स्वतः एक गोष्ट शोधलीय, तुम्हाला सांगायची म्हणून वहीत लिहून ठेवलीय. मॅगेलनच्या १९९१ च्या फेब्रुवारी आणि ऑक्टोबरच्या चित्रांत मात मॉन्स ज्वालामुखीजवळच्या एका मुखाचा आकार बदललेला सापडला, मोठं झालं होतं ते. चित्रं तीस वर्षं पडून होती, कळलं २०२३ ला. तुम्हाला हे माहीत असणारच, तरी तिच्या तोंडून ऐका. आणि इस्रोचं शुक्रयान मार्च २०२८ ला सोडायचं ठरलंय, त्यातही रडार आहे, तेव्हा ती अकरावीत असेल.

सर, एक राहिलं. तुमचं ते भिंग आमच्याकडंच आहे. मी कुरियरनं पाठवते म्हटलं तर पोरगी देत नाहीये, म्हणते आजोबा येतील तेव्हा देईन. परवा तर तिनं ओट्याची कडप्पा भिंगानं तपासली आणि मला म्हणाली, हा बेसाल्ट नाही हं आई.