वायरलेसमध्ये पीएचडी करायची म्हणतेस तर

चि. मृणाल,

अनेक आशीर्वाद. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. वायरलेस नेटवर्कमध्येच पीएचडी करायचं ठरवलंस, फार आनंद झाला. विषय कसा निवडायचा, आणि आधी सिम्युलेशन शिकायचं की हार्डवेअर, हे तुझे दोन प्रश्न. किती वर्षं लागतात, हा बाबांचा. बाबांचं उत्तर लहान आहे म्हणून आधी देतो : युरोपात साधारण ३ ते ४, अमेरिकेत ५ ते ६. अमेरिकेत सुरुवातीची दीड-दोन वर्षं कोर्स आणि क्वालिफायिंग परीक्षेत जातात. युरोपात बहुतेक ठिकाणी मास्टर्स झालेलं धरून थेट संशोधनाला लावतात.

आता विषय. गाइड एखादं मोठं शीर्षक देतील. त्यातून फक्त दिशा कळते. एका पानावर चार गोष्टी लिहिता आल्या की विषय मिळाला असं समज : कोणती गोष्ट सुधारायची आहे (थ्रूपुट म्हणजे प्रत्यक्ष पोचणाऱ्या माहितीचा वेग, विलंब, बॅटरी की कव्हरेज), आज ती किती आहे, जास्तीत जास्त किती होऊ शकते, आणि मधली तूट कशामुळे येते. चौथ्या गोष्टीवर बरेच जण अडतात, म्हणून हिशेब करूनच दाखवतो.

२० मेगाहर्ट्झचा चॅनेल घे. खोलीच्या तापमानाला थर्मल नॉइज, म्हणजे उष्णतेमुळे आपोआप होणारा गोंगाट, दर हर्ट्झला उणे १७४ डीबीएम असतो. (डीबी म्हणजे पट मोजायचं लॉगरिदमवरचं माप, १० डीबी म्हणजे दहापट; डीबीएम म्हणजे १ मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेली पॉवर.) २० मेगाहर्ट्झचे ७३ डीबी त्यात मिळवले की उणे १०१. रिसीव्हरचा नॉइज फिगर (तो स्वतः भर घालतो तो गोंगाट) ७ डीबी धरला तर उणे ९४. सिग्नल उणे ७४ डीबीएमने पोचत असेल तर एसएनआर (सिग्नल गोंगाटाच्या किती पट, ते प्रमाण) २० डीबी, म्हणजे शंभर पट. चॅनेलमधून जास्तीत जास्त किती माहिती जाऊ शकते ते सांगणाऱ्या शॅननच्या १९४८ च्या सूत्रात हे घातलं की सेकंदाला सुमारे १३३ मेगाबिट ही कमाल मर्यादा येते. आता ८०२.११ए या वाय-फायच्या मानकाचा वेळ मोज. हवा मोकळी असली तरी स्टेशनने (पाठवणाऱ्या उपकरणाने) आधी ३४ मायक्रोसेकंद थांबायचं, मग ० ते १५ मधला एक यादृच्छिक आकडा काढून तेवढे स्लॉट मोजायचे. स्लॉट ९ मायक्रोसेकंदांचा, म्हणजे सरासरी ६७.५. एकूण थांबणं १०० च्या थोडं वर. आणि १५०० बाइट ५४ मेगाबिटच्या वेगाने पाठवायला लागतात २२२. म्हणजे प्रत्यक्ष माहिती जायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या जवळजवळ निम्मा वेळ नुसता थांबण्यात गेला. प्रिअँबल (फ्रेमच्या, म्हणजे माहितीच्या एका गठ्ठ्याच्या, आधी जाणारा ओळखीचा सिग्नल) आणि पोचपावती अजून धरलेलीच नाही. पुढच्या ८०२.११एन मानकात अनेक फ्रेम एकत्र बांधून पाठवायची सोय आली ती याचसाठी. तूट कुठे आहे ते असं आकड्यात दिसलं की विषय आपोआप समोर येतो.

सिम्युलेशन की हार्डवेअर? दोन्ही, पण सिम्युलेशन आधी, आणि तेही ज्याचं उत्तर ठाऊक आहे अशा प्रश्नापासून. पायथॉनमध्ये शंभर-दीडशे ओळींत स्वतः अलोहा लिही, म्हणजे वाटेल तेव्हा पाठवायचं आणि टक्कर झाली तर पुन्हा पाठवायचं, ही जुनी पद्धत. साध्या अलोहाचा थ्रूपुट जास्तीत जास्त १८.४ टक्के आणि स्लॉटेडचा (ठरलेल्या वेळेच्या खणांतच पाठवायचं) ३६.८ टक्के आलाच पाहिजे. मग बियांकीचं २००० सालचं वाय-फायचं मॉडेल सोडव आणि तोच प्रसंग एनएस-३ या नेटवर्क सिम्युलेटरमध्ये चालवून दोन्ही आलेख एकावर एक ठेव. जुळले नाहीत तर लगेच कोड बदलायला धावू नकोस. मॉडेलची गृहीतकं आधी तपास : प्रत्येक स्टेशनकडे पाठवायला सतत काहीतरी असतं, सगळी स्टेशनं एकमेकांना ऐकू शकतात, आणि टक्कर होण्याची शक्यता दर खेपेला सारखीच असते. बहुतेकदा आपण सिम्युलेशनमध्ये लोड कमी ठेवलेला असतो, आणि जुळत नाही म्हणून सूत्राला दोष देत बसतो.

एनएस-३ मध्ये दोन ठिकाणी हमखास फसगत होते. पहिली : रँडम नंबरचा सीड, म्हणजे ते आकडे जिथून सुरू होतात तो आकडा, मुळातच ठरलेला असतो. रन नंबर बदलला नाहीस तर प्रोग्राम वीस वेळा चालवूनही वीसदा तेच उत्तर येणार, आणि निकाल किती पक्का आहे असं वाटणार. दुसरी : फिरते नोड दाखवायला रँडम वेपॉइंट मॉडेल (नोड यादृच्छिक ठिकाण आणि वेग निवडून तिकडे जातो) वापरलं आणि किमान वेग शून्य ठेवला, तर सरासरी वेग हळूहळू उतरत जातो. ज्या नोडला अगदी कमी वेग मिळाला तो मुक्कामी पोचायलाच फार वेळ घेतो, आणि असे रेंगाळणारे नोड साठत जातात. म्हणून किमान वेग शून्याच्या वर ठेव आणि सुरुवातीचा, स्थिर न झालेला भाग गाळून टाक. प्रत्येक बिंदूसाठी निदान १० स्वतंत्र रन घे, एरर बार (निकाल किती इकडेतिकडे होऊ शकतो ती रेघ) काढ. १० रनला ९५ टक्के खात्रीच्या अंतरासाठी गुणक २.२६ आहे, पुष्कळ रन असताना वापरतात तो १.९६ नाही. एरर बार निम्मा करायचा तर रन चौपट लागतात, हे लक्षात ठेवून मशीनचा वेळ आधीच मागून ठेव.

हार्डवेअरकडे वळशील तेव्हा केबलपासून सुरू कर, हवेतून नको. सॉफ्टवेअर रेडिओचा (ज्याचं बरंचसं काम संगणकावरच्या प्रोग्रामने होतं असा रेडिओ) ट्रान्समीटर रिसीव्हरला केबलने जोडताना मधे निदान ३० डीबीचा ॲटेन्युएटर (सिग्नल क्षीण करणारा तुकडा) घालायचाच, नाहीतर रिसीव्हरचा पुढचा भाग जळू शकतो. केबलवर सगळं ठीक चाललं की मगच अँटेना लाव, आणि तेव्हाही परवानगी असलेल्या बँडमध्ये, ठरलेल्या पॉवरच्या आतच.

कनेक्टर मात्र नीट निरखून बघ. साध्या एसएमएमध्ये (रेडिओच्या केबलला असतो तो आट्यांचा छोटा कनेक्टर) ज्याला फिरणारा नट असतो त्याच्या मधोमध पिन असते आणि समोरच्यात भोक. वाय-फाय राउटरच्या अँटेनांना बहुधा आरपी-एसएमए असतो : आटे तेच, पण पिन आणि भोक यांची अदलाबदल. दोन्हीकडे भोकं आली तरी नट छान घट्ट बसतो, आतमध्ये मात्र काहीच टेकत नाही. सिग्नल पूर्ण बंद पडत नाही, झिरपून थोडा येतो, आणि माणूस आठवडाभर चॅनेलला दोष देत राहतो. दोन्हीकडे पिना आल्या तर एक वाकते किंवा तुटते. आवळताना नट फिरवायचा, केबल नाही. केबल फिरवली की पिन घासते आणि पुढच्या महिन्यात रीडिंग डळमळायला लागतात.

रेकॉर्डिंगचा हिशेबही आधीच कर. सेकंदाला २ कोटी सॅम्पल (सिग्नलचे मोजलेले नमुने), प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे सेकंदाला ८० मेगाबाइट, मिनिटाला ४.८ गिगाबाइट. डिस्क तेवढी चपळ नसेल तर यूएसआरपी (एक प्रचलित सॉफ्टवेअर रेडिओ) वापरताना स्क्रीनवर इंग्रजी 'ओ' उमटायला लागतात. एकेक 'ओ' म्हणजे काही सॅम्पल हरवले. अशी फाइल ठेवू नकोस. ती पुढे डीकोड होत नाही आणि कारण शोधण्यात दिवस जातात.

मग मोजणी. २.४ गिगाहर्ट्झला तरंगलांबी साडेबारा सेंटिमीटर. भिंतींवरून परतलेल्या लहरी कुठे एकमेकींत मिळतात, कुठे एकमेकींना खोडतात, त्यामुळे अँटेना चार बोटं सरकवली तरी रीडिंग २० डीबीने पडू शकतं. एका जागी घेतलेल्या एका रीडिंगला काहीच अर्थ नाही. सुमारे ४० तरंगलांबी, म्हणजे इथे ५ मीटर, एवढ्या पट्ट्यातली रीडिंग घेऊन सरासरी काढायची जुनी पद्धत आहे, ती पाळ. आणि सरासरी डीबीएममध्ये काढू नकोस. उणे ५० आणि उणे ७० ची डीबीएममधली सरासरी उणे ६० येते; मिलिवॅटमध्ये नेऊन काढलीस तर उणे ५३. तब्बल ७ डीबीचा फरक.

थ्रूपुटसाठी आयपर्फ-३ हे वेग मोजायचं सॉफ्टवेअर वापरशील. यूडीपीला (पोचपावतीशिवाय माहिती पाठवायची पद्धत) वेग सांगितला नाहीस तर ते सेकंदाला १ मेगाबिटच पाठवतं. टीसीपी (पोचपावती घेत पाठवायची पद्धत) वेग हळूहळू वाढवतं, म्हणून त्याची पहिली काही सेकंदं गाळ. एकतर्फी विलंब मोजताना दोन्ही मशीनची घड्याळं जुळलेली नसतील तर उणे विलंबसुद्धा दिसतो. तशी सोय नसेल तर जाऊन-येऊन लागणारा वेळ मोज.

हे सगळं वहीत गेलं पाहिजे : तारीख, कोडची आवृत्ती, रन नंबर, अँटेनाची उंची, खोलीत किती माणसं होती तेसुद्धा. माणसाच्या शरीरातल्या पाण्याने सिग्नल अडतो, त्यामुळे ही नोंद फालतू समजू नकोस. दोन वर्षांनी रिव्ह्यूअर एखाद्या आकड्यावर बोट ठेवेल तेव्हा वहीच कामाला येईल.

पेपरबद्दल आईला काळजी वाटते ना? तिला सांग, पेपर परत आला म्हणजे नापास नव्हे. इन्फोकॉम, मोबिकॉमसारख्या परिषदांत ढोबळमानाने पाचातला एक पेपर स्वीकारला जातो. परत येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे अन्यायाची तुलना : आपली पद्धत नीट जुळवून घेतलेली आणि समोरची डीफॉल्ट सेटिंगवर. ज्या पद्धतीशी तुलना करशील तिलाही तितक्याच मेहनतीने जुळव, आणि आपली पद्धत कुठे हरते तो आलेखही पेपरात घाल. मला तो आलेख सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पेटंट घ्यायचं असेल तर पेपर बाहेर पडण्याआधी अर्ज गेला पाहिजे. युरोपात आधी प्रसिद्ध झालेल्या गोष्टीवर पेटंट मिळत नाही.

पुढच्या नोकरीचा विचार आत्ता इतकाच कर. प्राध्यापकीसाठी साधारण तीन ते पाच शिफारसपत्रं लागतात, आणि एकट्या गाइडच्या पत्रावर भागत नाही. तिसऱ्या वर्षाच्या आत दुसऱ्या एखाद्या गटाबरोबर खरंखुरं काम कर. कंपन्यांत चिप आणि बेस स्टेशनवर काम करणाऱ्यांना ३जीपीपीची (मोबाइल नेटवर्कची मानकं ठरवणारी संघटना) कागदपत्रं वाचता येणं फार मोलाचं वाटतं. ती सगळ्यांना मोफत वाचता येतात. ५जीचा पहिला पूर्ण संच त्यांच्या रिलीज १५ या आवृत्तीत आहे. त्यातला एकच भाग, रँडम ॲक्सेसचा (फोन नेटवर्कशी पहिला संपर्क कसा साधतो तो), आधी वाच. अलोहा लिहिलेलं असलं की तो ओळखीचा वाटेल.

विषयाचं ते एक पान झालं की पाठव. आकडे कच्चे असले तरी चालतील, फक्त प्रत्येक आकड्यापुढे एकक लिही, आणि डीबी कुठे व डीबीएम कुठे ते नीट बघून लिही.

तुझा,
दादा