सायकल सहलीची आखणी दोघांच्या दमानं

मा. संपादक,

आपल्या पुरवणीत परदेश सहलींवर भरभरून येतं, पण सायकलवरून फिरू पाहणाऱ्या जोडप्यांच्या हाती फारसं काही लागत नाही. आम्ही नवरा-बायको सध्या जर्मनीतलं पासाऊ ते ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना या डॅन्यूब नदीकाठच्या मार्गाची आखणी करतोय, म्हणून लिहिते.

हा मार्ग ३०० किलोमीटरहून थोडा जास्त, बहुतेक सपाट आणि नदीच्या प्रवाहाच्या दिशेनं जाणारा. अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंतच्या युरोवेलो ६ या लांब पल्ल्याच्या सायकलमार्गाचाच तो भाग. नवख्यांनी इथूनच सुरुवात करावी, असं माझं ठाम मत आहे. रोजचं अंतर मात्र दोघांपैकी सावकाश चालवणाऱ्याच्या दमानं ठरवावं. यजमान दिवसाला ८० किलोमीटर सहज जातात, मी ५० ला थांबते. म्हणून मुक्काम ५० च्या हिशेबानं धरलेत. यावर आमच्यात बरीच चर्चा झाली, आणि ती घरीच झाली हे उत्तम! ई-सायकल हवी असेल तर तिथेच भाड्यानं घ्यावी. तिची मोठी बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही. सायकली ठरवताना दोघांची उंची वेगवेगळी कळवावी. फ्रेम मापाची नसेल तर दुसऱ्याच दिवशी गुडघे बोलू लागतात.

या दोन्ही देशांसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय विमा संरक्षण लागतं. लांब पल्ल्याच्या अनेक रेल्वेगाड्यांत सायकलचं आरक्षण वेगळं करावं लागतं.

अशा मार्गांचे नकाशे आणि मुक्कामांमधली अंतरं पुरवणीत छापावीत, ही विनंती.

आपली एक वाचक